चार नंबरचं बटन

सोमवारी सकाळी अकरा वाजता शेठचा फोन आला. ते रिंग रोडवरच्या मार्केटच्या ऑफिसात होते, मी पांडेसऱ्याच्या खात्यात. सुरतेत विणकामाच्या कारखान्याला खातं म्हणतात.

“पाटील, आ चार नंबर शुं छे?”

“कुठला चार नंबर?”

“मोबाइलवर बघ. सकाळपासून सगळे लूम चार नंबरने बंद पडतायत. सिस्टीम बिघडली का?”

मी ऑफिसातल्या स्क्रीनवर पाहिलं. सिस्टीम बिघडली नव्हती. ए शिफ्टमध्ये बारा कारीगर होते आणि बाराही जण एकच बटन दाबत होते.

आमच्या खात्यात शहाण्णव वॉटरजेट लूम आहेत. या लूममध्ये आडवा धागा पाण्याच्या फवाऱ्याने पलीकडे फेकला जातो. एक कारीगर आठ लूम सांभाळतो. प्रत्येक लूमवर एक छोटा डबा बसवलेला आहे. लूम थांबला की डब्यावर लाल दिवा लागतो. कारीगराने थांबण्याचं कारण दाबायचं आणि मग लूम चालू करायचा. एक म्हणजे आडवा धागा तुटला. दोन म्हणजे उभा धागा तुटला. तीन म्हणजे मशीनचा बिघाड. चार म्हणजे इतर. हे सगळं त्याच क्षणी माझ्या स्क्रीनवर आणि शेठच्या मोबाइलवर दिसतं.

या कारणांवर आमचं मेंटेनन्स चालतं. एखाद्या लूमवर सारखा एक नंबर आला तर फिटर आधी त्याचा पंप आणि नोझल तपासतो. चार नंबर आला तर काहीच कळत नाही. सोमवारी दुपारपर्यंत फिटर हातात पाना घेऊन नुसता फिरत होता. एकतीस नंबरच्या लूमचा पंप त्याच दिवशी बसला. एरवी तो आम्हाला काही तास आधी कळला असता.

मी शेडमध्ये गेलो. तिथे लूमच्या आवाजात बोलणं म्हणजे कानाशी तोंड नेणं. पहिल्या ओळीत सुनील होता. बत्तीस वर्षांचा, चाळीसगावकडचा, चलाख.

“सुनील, चार का दाबतोस?”

“चार नंबरनं बटनबी कंपनीनंच देयेल शे ना, साहेब?”

आमच्या खात्यात निम्म्याहून जास्त कारीगर खानदेशातले आहेत. मीही अमळनेरचा. टेक्स्टाइल डिप्लोमा करून इथे आलो, आता प्रॉडक्शन मॅनेजर आहे. शेडमध्ये मला सगळे पाटीलभाऊ म्हणतात. सुनीलने साहेब म्हटलं, तेव्हा बटनांचं कारण मला समजलं. ते शनिवारी घडलं होतं आणि त्यात माझा हात होता.

डबे बसवले तेव्हा कारीगर घाबरले होते. हे यंत्र आपल्यावर पाळत ठेवणार, असं सगळ्यांना वाटत होतं. दोन दिवस कोणी बटनांना हात लावेना. तेव्हा मी उभ्या धाग्याचे मोठे रूळ, म्हणजे बीम, वाहणाऱ्या ट्रॉलीवर उभा राहिलो आणि सगळ्यांना अहिराणीत सांगितलं, “हाऊ डबा मशीनना शे, मानूसना नही.” डबा मशीनचं काम मोजेल, माणसाचं मोजणार नाही. लोकांनी ऐकलं. त्या दिवसापासून बटनं नीट दाबली जाऊ लागली.

हा शब्द देण्यापूर्वी मी शेठना विचारलं नव्हतं. शेठनाही मी काय बोललो ते माहीत नव्हतं. दोघांनी आपापल्या सोयीने एकच यंत्र समजून घेतलं होतं.

गेल्या महिन्यात शेठने सुरतेबाहेर कीम गावाला नवी शेड घेतली. तिथे नवे लूम येणार होते आणि एका माणसाकडे बारा लूम देता येणार होते. जुन्या शेडमधलेही काही लूम हलणार होते. एकूण माणसं कमी लागणार हे उघड होतं. किती आणि कोण, हे कोणालाच सांगितलेलं नव्हतं. शेठने ऑफिसातल्या मीनाबेनना एक यादी करायला लावली. दोन्ही शिफ्टचे चोवीस कारीगर, प्रत्येकाच्या लूमची एफिशियन्सी, उतरत्या क्रमाने. एफिशियन्सी म्हणजे लूम जितका वेळ चालायला हवा त्यातला तो प्रत्यक्षात किती वेळ चालला. शेवटच्या तीन ओळी पिवळ्या रंगवलेल्या होत्या. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, “कमी करणे”.

यादी मॅनेजमेंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची होती. मीनाबेन आमच्याकडे अकरा वर्षं आहेत आणि त्यांची चूक क्वचित होते. शनिवारी झाली. यादी ए शिफ्टच्या ग्रुपवर गेली.

चार मिनिटांनी शेठचा फोन. “काढ, काढ, पहले काढ!”

मी त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. मी मेसेज काढला. त्या जागी ओळ आली, हा मेसेज अ‍ॅडमिनने डिलीट केला. ग्रुपवर अ‍ॅडमिन एकच होता.

चार मिनिटं पुष्कळ असतात. यादीचा फोटो तोवर कारीगरांच्या वस्तीत, गोडादऱ्यापर्यंत पोहोचला होता. बी शिफ्टमधले लोक घरी झोपले होते, त्यांना बायकांनी उठवून दाखवला. पण लोकांना खरा राग यादीचा आला नव्हता. कारखान्यात याद्या होतच असतात. माणूस मोजणार नाही असं ज्याने ट्रॉलीवर उभं राहून सांगितलं, त्यानेच यादी लपवली, हे त्यांनी पाहिलं. रविवारी मी काही बोललो नाही. सोमवारी त्यांनी चार नंबरचं बटन दाबायला सुरुवात केली. कोणी काम थांबवलं नाही, कोणी घोषणा दिली नाही. कंपनीला जी माहिती हवी होती तेवढी फक्त बंद केली.

यादीत चोविसावं नाव रामदास नानांचं होतं.

रामदास नाना पारोळ्याकडचे. वय बावन्न. सुरतेत येऊन सव्वीस वर्षं झाली. त्यांची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. या वयात वॉटरजेटच्या कारीगराला दुसरं खातं सहज घेत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. नवा कारीगर आला की मी त्याला पंधरा दिवस नानांच्या ओळीत ठेवतो. असा माणूस शेवटचा कसा, हा प्रश्न मला शनिवारीच पडायला हवा होता. शनिवारी मी फक्त मेसेज काढण्याची घाई केली.

मी मीनाबेनना आकडे पुन्हा तपासायला सांगितले. आकडे बरोबर होते. नानांचे लूम इतरांच्या लूमपेक्षा जास्त वेळा थांबत नव्हते. थांबले की जास्त वेळ थांबून राहत होते. म्हणजे लाल दिवा लागायचा आणि नाना लवकर पोहोचायचे नाहीत. शेठच्या मोबाइलवर पाहिलं तर निष्कर्ष एकच निघत होता. म्हातारा झाला, हळू झाला.

मंगळवारी सकाळी आठ ते बारा मी नानांच्या ओळीच्या टोकाला वही घेऊन उभा राहिलो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

साडेआठच्या सुमाराला शेजारी सुनीलच्या लूमवर उभा धागा तुटला. उभा धागा तुटणं हे आडव्यापेक्षा त्रासाचं असतं. तुटलेलं टोक लूमच्या मागच्या बाजूला शोधायचं, जोडायचं आणि पुढे फणीतून ओढून घ्यायचं. एकटा माणूस मागे जातो, पुढे येतो, पुन्हा मागे जातो. दोघं असतील तर एक मागून धागा देतो आणि दुसरा पुढून घेतो. निम्म्याहून कमी वेळात काम होतं.

सुनील लूमच्या पुढे उभा राहिला. त्याने हाक मारली नाही. नाना मागे पोहोचलेले होते. त्याच वेळी नानांच्या स्वतःच्या लूमवर लाल दिवा लागला. तो आडव्या धाग्याचा होता, अर्ध्या मिनिटाचं काम. नानांनी तो पाहिला आणि तसाच ठेवला. सुनीलचा धागा पुरा झाल्यावर ते आपल्या लूमकडे वळले.

चार तासांत ते अकरा वेळा दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या लूममागे गेले. सहा वेळा त्यांचा स्वतःचा दिवा पेटून राहिला.

हे खानदेशी कारीगरांमध्ये जुनं आहे. साध्या लूमच्या काळापासून चालत आलेलं. शेजाऱ्याचा उभा धागा तुटला की मागच्या बाजूला जायचं. कोणी ठरवून दिलेलं नाही. पण तरुण कारीगर आता कमी जातात आणि नाना प्रत्येक वेळी जातात. डब्याला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की सुनीलचा लूम झटक्यात चालू झाला आणि नानांचा उशिरा.

यादीत पहिलं नाव सुनीलचं होतं.

जेवणाच्या वेळी मी दोघांच्या शेजारी जाऊन बसलो. दोघांनी डबे उघडले होते. मी वही दाखवली. सुनीलने ती वाचली आणि नानांकडे पाहून म्हणाला, “नाना, तुम्ही माले पयला कया आनि तुमनाच नंबर ग्या खाले.”

“शेजारना लूम बंद पडना त मी काय तमाशा देखू?” नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काढनं शे त तोंडवर सांगा, भाऊ. मोबाइलमा दखाडीसन पुसू नका.”

काढायचं असेल तर तोंडावर सांगा, दाखवून पुसू नका. ते मला भाऊ म्हणाले, ही एवढी एक गोष्ट त्या दिवशी बरी झाली.

वही घेऊन शेठकडे जाणं सोपं होतं. पण ते म्हणाले असते की चार तास पाहून काय कळतं. म्हणून मी मीनाबेनना आणखी एक काम दिलं. गेल्या तीन महिन्यांत नाना ज्या दिवशी रजेवर होते, त्या दिवशी त्यांच्या दोन्ही शेजाऱ्यांचे आकडे काय होते ते काढा. त्यांनी संध्याकाळपर्यंत काढले. नाना रजेवर असलेल्या प्रत्येक दिवशी दोघांचे आकडे घसरले होते. मीनाबेन म्हणाल्या, “पाटीलभाई, आ तो ऊंधुं छे.” उलटंच आहे.

बुधवारी सकाळी मी मार्केटमध्ये गेलो. शेठ वाईट माणूस नाहीत. ते स्वतः सोळाव्या वर्षी लूमवर उभे राहिले आहेत. पण आता शेडमध्ये महिन्यातून एकदा येतात आणि उरलेले दिवस मोबाइलवर पाहतात.

मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून वाचले.

“स्क्रीन खोटं बोलत नाही, पाटील.”

“नाही बोलत. लूम कुठे थांबला ते सांगते. माणसाचे हात कुठे होते ते सांगत नाही.”

“बरं. नानाचं नाव काढ. बाकी दोन राहू दे.”

“ते नाही जमणार.”

“का?”

“गेल्या आठवड्यात त्यांची यादी गुपचूप झाली. आज त्यातलं एक नाव गुपचूप गेलं, तर उद्या प्रत्येकजण आपलं नाव काढायला माझ्याकडे येईल. ज्याची माझ्याशी ओळख नाही तो चार दाबत राहील.”

मग मी त्यांना ट्रॉलीवरून दिलेला शब्द सांगितला. त्यांना तो पहिल्यांदा कळत होता.

“तुला असा शब्द द्यायचा अधिकार कोणी दिला?”

“कोणी नाही. ती माझी चूक. पण त्याच शब्दावर बटनं दाबली गेली आणि त्याच बटनांवर तुमची यादी झाली.”

“मग काय करायचं तुझं म्हणणं? कारीगरांना यादी दाखवायची? सगळं त्यांना दाखवलं तर शेठ कोण?”

“तुम्हाला त्यांचं प्रत्येक मिनिट दिसतं, शेठ. त्यांना तुमचं एक वाक्य ऐकायचंय. किती माणसं कमी होणार आणि कशावरून.”

त्यांनी चहा मागवला. चहा पिऊन म्हणाले, “सवारे सात वाजे आवुं छुं. पण बोलशील तू.”

“यादीबद्दल मी बोलतो. माणसं कमी करण्याबद्दल तुम्हालाच बोलावं लागेल.”

सकाळी सातला शिफ्ट बदलते. तेव्हा दोन्ही शिफ्टची माणसं एकत्र सापडतात. गुरुवारी पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या जागेत चोवीस कारीगर, दोन फिटर, मीनाबेन आणि शेठ उभे होते. मी ट्रॉलीवर चढलो नाही.

मी आधी मोबाइल काढला आणि शनिवारची तीच यादी दोन्ही शिफ्टच्या ग्रुपवर पुन्हा टाकली. पिवळ्या ओळींसकट. सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले.

“ही शनिवारी मी काढली होती,” मी म्हणालो. “काढायला नको होती. डबा माणूस मोजणार नाही असं मी म्हणालो होतो, तेही चुकीचं होतं. डबा माणूसही मोजतो. पण अर्धाच मोजतो.” मग मी नानांच्या ओळीत उभं राहून काय पाहिलं ते सांगितलं, आणि मीनाबेननी काढलेले रजेच्या दिवसांचे आकडे वाचून दाखवले.

नाना मागच्या रांगेत खाली बघत उभे होते.

बी शिफ्टमधल्या एकाने विचारलं, “शेठ, माणसं कमी होणार का नाही? तेवढं सांगा.”

शेठ पुढे आले. “होणार. इथल्या चार जागा कमी होणार. कीमला दोन निघणार. म्हणजे दोन माणसं जास्त होतात. तिसरं नाव मी खबरदारी म्हणून जादा टाकलेलं, ते गेलं. दोघांना घडी खात्यात कापडाच्या घड्या घालायचं काम आहे, पगार तोच राहील. कोण जाणार ते या महिन्यात ठरवणार नाही. पुढचा महिना मोजू, पण तुम्हाला दाखवून मोजू.”

एवढं त्यांनी एका दमात सांगितलं. ते सहा दिवस आधी सांगितलं असतं तर यादी चुकून गेली तरी काही बिघडलं नसतं.

आता प्रश्न उरला मोजायचं कसं. फिटरने सुचवलं की पाच नंबर हे नवं बटन करू. शेजाऱ्याच्या मदतीला गेलं की आपल्या डब्यावर पाच दाबायचं. सिस्टीमवाल्याशी मी आदल्या दिवशीच बोललो होतो, ते सहज होणारं होतं. बऱ्याच जणांनी माना हलवल्या.

नानांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. “मदत करीसन परत मीच नोंद करू? लगीनमा आहेर करीसन आपलंच नाव आपुन माइकवर सांगानं का?”

सगळे हसले. खानदेशात लग्नात आहेर केला की देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारतात. पण ते यजमानाचा माणूस पुकारतो.

“मंग ज्याले आहेर भेटना तो सांगी,” सुनील म्हणाला.

तिथेच उत्तर सापडलं. मदत करणाऱ्याने बटन दाबायचं नाही. ज्याच्या लूमवर मदत झाली त्याने पाच दाबायचं आणि मदतीला आलेल्याचा नंबर टाकायचा. तेवढी मिनिटं मदत करणाऱ्याच्या लूमच्या थांबलेल्या वेळेतून वजा होणार. फुकटचे पाच कोणी दाबणार नाही, कारण दुसऱ्याच्या नावाने दाबायचे आहेत. एकाने शंका काढली की दोघं मिळून एकमेकांच्या नावाने दाबतील. “दाबू देत,” मीनाबेन हिंदीत म्हणाल्या, “दोन्ही लूम बंद ठेवून दाबावं लागेल. मला लगेच दिसेल.”

सुनीलने आणखी एक मागणी केली. “तीन नंबर दाबीसन फिटर कितला टाइममा येस, ते बी दखाडा.” मशीन बिघडल्याचं बटन दाबल्यावर फिटर किती वेळात पोहोचतो तेही दाखवा. फिटरने माझ्याकडे पाहिलं. फिटर माझ्या हाताखाली येतात. म्हणजे तो आकडा माझ्या नावावर लागणार होता.

शेठ हसले. “दाखवू. सगळ्यात वर पाटीलचं नाव लावू.”

गुरुवारी दुपारनंतर चार नंबर कमी झाला. शनिवारपर्यंत तो एरवी असतो तितकाच उरला. पाच नंबर पुढच्या आठवड्यात सुरू झाला. शेडच्या दारात एक मोठी स्क्रीन लावली. आत येणारा प्रत्येकजण ती पाहतो, शेठही.

महिना संपल्यावर यादी लागली. सुनील पहिल्या जागेवरून सहाव्यावर आला. त्याने सगळ्यांत जास्त वेळा पाच दाबला होता आणि त्यातले बहुतेक नानांच्या नावाने. नाना नवव्या जागेवर होते. खालचे दोघं खरोखर मागे पडले होते. एकाची नजर कमी झाली होती, दुसऱ्याचं मन कामात नव्हतं. शेठ आणि मी दोघांशी समोर बसून बोललो. पहिला घडी खात्यात गेला आणि तिथे ठीक आहे. दुसरा दोन दिवस भांडला आणि पर्वत पाटियाजवळ भावाच्या दुकानात गेला. जाताना त्याने हिशेब पाहिला, आकडे तपासले आणि म्हणाला, “आकडा खरा शे.” यापेक्षा जास्त समाधान अशा वेळी मिळत नाही.

तीन नंबरच्या यादीत आमचा विभाग पहिल्या महिन्यात वाईट निघाला. फिटर सरासरी बराच उशिरा पोहोचत होते. कारण मी त्यांना दोन्ही टोकांची कामं एकाच वेळी देत होतो. स्क्रीनवर हे माझ्या नावापुढे महिनाभर दिसलं. येणारे-जाणारे कारीगर वाचून पुढे जात होते. दुसऱ्या महिन्यात मी शेड दोन भागांत वाटली आणि प्रत्येक भागाला एक फिटर दिला.

मध्यंतरी शेठने शेडमध्ये कॅमेरे बसवायचं ठरवलं. या वेळी त्यांनी आधी ग्रुपवर लिहिलं. पहिला प्रश्न दहा मिनिटांत आला: फुटेज कोण बघणार? शेठने उत्तर लिहिलं, मी आणि पाटील, आणि ज्याच्याबद्दल तक्रार असेल तो. कॅमेरे बसले. कोणी हरकत घेतली नाही.

या धंद्यात मी एकोणीस वर्षं आहे. आता माझ्याकडे नवा सुपरवायझर आला की मी त्याला दोन गोष्टी सांगतो. ज्या यादीबद्दल माणसासमोर उभं राहून बोलता येणार नाही, ती यादी करू नकोस. आणि आकड्यावरून एखाद्याला हळू म्हणायचं असेल, तर आधी चार तास त्याच्या ओळीत उभा राहा. शेडमध्ये खुर्ची नसते, त्यामुळे चार तास बरेच लांब वाटतात. तेवढा वेळ उभं राहवत नसेल, तर मत देऊ नये.